इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याचे लाखो शेजारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्गात भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणाऱ्या मुलामुलींशी बोलताना, आणि कधी त्यांच्या पालकांशीही, अर्धवाहकातल्या स्पिनविषयी तेच तेच प्रश्न पुन्हा समोर येतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. बारावीचं विज्ञान झालेल्याला कळेल अशा बेतानं लिहिलं आहे. काही ठिकाणी गणिताशिवाय पुढे सरकता येत नाही. तिथला हिशेब लहान आहे, तो वगळू नका.

न्यूक्लिअर स्पिन म्हणजे जैतापूरसारखं काही का? यात किरणोत्सर्ग होतो का?

राजापूर तालुक्यातल्या एका पालकांनी हा प्रश्न विचारला होता, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही सगळ्यात आधी हेच विचारलं असतं. न्यूक्लिअर या शब्दाचा अर्थ 'अणूच्या केंद्रकाशी संबंधित' एवढाच. जैतापूरच्या नियोजित प्रकल्पात युरेनियमची केंद्रकं फोडून ऊर्जा मिळवायची आहे. आपल्या विषयात एकही केंद्रक फुटत नाही. गॅलियम, आर्सेनिक, सिलिकॉन यांची इथे भेटणारी केंद्रकं स्थिर आहेत. ती आहेत तशीच राहतात. बदलते ती फक्त त्यांच्या इवल्याशा चुंबकत्वाची दिशा.

ज्यांच्या घरातल्या कुणाचा एमआरआय झाला आहे त्यांनी हे तंत्र जवळून पाहिलंय. दीड टेस्लाच्या त्या बोगद्यात शरीरातल्या हायड्रोजनची केंद्रकं सेकंदाला सुमारे ६.४ कोटी वेळा डुलतात आणि त्यांच्याकडून आलेल्या संकेतातून चित्र तयार होतं. या तंत्राच्या मूळ नावात 'न्यूक्लिअर' शब्द होता. रुग्ण घाबरू नयेत म्हणून तो दवाखान्यात गळला.

स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरतो का?

नाही. इलेक्ट्रॉनला छोटा गोळा मानून हिशेब केला तर त्याचा पृष्ठभाग प्रकाशापेक्षा वेगानं फिरायला हवा, आणि तसं होऊ शकत नाही. १९२२ मध्ये ऑटो स्टर्न आणि वाल्टर गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत विषम चुंबकीय क्षेत्रातून सोडला, तेव्हा तो पसरण्याऐवजी दोन भागांत फुटला. १९२५ मध्ये उलेनबेक आणि गाउडस्मिट या दोन तरुणांनी इलेक्ट्रॉनला स्वतःचा अंगभूत स्पिन असतो अशी मांडणी केली. वस्तुमान आणि विद्युतभार जसे त्याच्याबरोबर जन्मतःच येतात, तसाच स्पिन.

तरी भोवऱ्याची उपमा मी पूर्ण टाकून देत नाही, कारण एका जागी ती फार उपयोगी पडते. भोवरा कलला की लगेच पडत नाही. तो कललेल्या अवस्थेत गोल डुलत राहतो. चुंबकीय क्षेत्रात स्पिन तसाच डुलतो. पुस्तकात याला परांचन म्हणतात, आपण डुलणंच म्हणू. १ टेस्लाच्या क्षेत्रात मोकळा इलेक्ट्रॉन सेकंदाला २८ अब्ज वेळा डुलतो. गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाच्या स्फटिकात त्याचा हाच वेग सुमारे ६ अब्जांवर येतो. आणि त्याच क्षेत्रात आर्सेनिकचं केंद्रक? सेकंदाला फक्त ७३ लाख. साडेआठशे पटींचा हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो दोनदा लागणार आहे.

क्वांटम डॉट म्हणजे टीव्हीच्या जाहिरातीत असतो तोच का?

घराणं एकच, पण हा भाऊ वेगळा. टीव्हीतले डॉट म्हणजे द्रावणात वाढवलेले, काही नॅनोमीटर आकाराचे अर्धवाहक कण. कणाचा आकार बदलला की त्यांचा रंग बदलतो. त्या कामासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मौंगी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना मिळालं. स्पिनच्या प्रयोगांसाठी मुख्यतः दुसरे दोन प्रकार वापरतात. एकात चिपवर धातूच्या बारीक पट्ट्या बसवून त्यांच्या व्होल्टेजनं काही दहा नॅनोमीटरचा खळगा तयार करतात आणि त्यात इलेक्ट्रॉन अडकवतात. दुसऱ्यात स्फटिक वाढवतानाच एका अर्धवाहकाच्या पोटात दुसऱ्याची बेटं आपोआप उमटतात, आणि त्यांच्याशी लेझरनं बोलता येतं.

अशा डॉटमध्ये एकच इलेक्ट्रॉन कोंडून काय साधायचं?

१९९८ मध्ये डॅनियल लॉस आणि डेव्हिड डिव्हिन्चेन्झो यांनी सुचवलं की डॉटमधल्या एका इलेक्ट्रॉनचा स्पिन क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचा बिट, म्हणून वापरावा: वर म्हणजे ०, खाली म्हणजे १, आणि मधलं प्रत्येक मिश्रणही चालेल. शेजारच्या दोन डॉटमधला अडसर व्होल्टेजनं खाली-वर केला की दोन स्पिन एकमेकांशी व्यवहार करतात. २००५ मध्ये हार्वर्डमध्ये जेसन पेटा आणि सहकाऱ्यांनी हा व्यवहार एका नॅनोसेकंदापेक्षाही कमी वेळात करून दाखवला.

मग अडचण कुठे आली?

स्फटिकाच्या आत. गॅलियम आर्सेनाइडमध्ये शांत बसणारा एकही अणू नाही. गॅलियम-६९, गॅलियम-७१ आणि आर्सेनिक-७५ या तिन्हींच्या केंद्रकांना स्पिन आहे, प्रत्येकाचा तीन-द्वितीयांश. डॉटमधला इलेक्ट्रॉन एका अणूपाशी बसलेला नसतो. आंबोलीच्या दरीत उतरलेलं धुकं एकाच वेळी हजारो झाडांना शिवतं, तसा तो साधारण १० हजार ते १० लाख अणूंवर पसरलेला असतो आणि त्या प्रत्येकाच्या केंद्रकाला स्पर्श करतो.

स्पर्श हा शब्द मी मुद्दाम वापरला. अर्धवाहकाच्या वहनपट्ट्यातल्या इलेक्ट्रॉनचं तरंगफल एस-कक्षेसारखं असतं, आणि एस-कक्षेत इलेक्ट्रॉन थेट केंद्रकाच्या जागी सापडण्याची शक्यता शून्य नसते. त्या ठिकाणी दोघांचे चुंबक एकमेकांवर जो परिणाम करतात त्याला फर्मीची संपर्क अन्योन्यक्रिया म्हणतात. इलेक्ट्रॉन आणि केंद्रक यांच्या चुंबकत्वातल्या सगळ्या व्यवहाराला मिळून हायपरफाइन अन्योन्यक्रिया म्हणतात; तिचा डॉटमधला सगळ्यात मोठा वाटा हाच.

पण केंद्रकाचं चुंबकत्व तर इलेक्ट्रॉनच्या हजार पटींनी दुबळं. ते इतका त्रास कसं देऊ शकतं?

या पानावरचा हा माझा सर्वांत आवडता प्रश्न. इथे नीट थांबू.

एकटं केंद्रक खरोखरच क्षुल्लक आहे. पण डॉटमध्ये ती लाखो आहेत. गॅलियम आर्सेनाइडमधली सगळी केंद्रकं एकाच दिशेला वळली, तर इलेक्ट्रॉनला जाणवणारं क्षेत्र सुमारे ५ टेस्ला होतं. एमआरआयच्या चुंबकाच्या तिप्पट! प्रत्यक्षात ती एका दिशेला नसतात, कुठेही तोंड करून असतात. मग बेरीज शून्य यायला नको का?

रापण ओढताना किनाऱ्यावर उभे असलेले सगळे जण एका दिशेनं ओढतात म्हणून जाळं येतं. आता मनात आणा की प्रत्येक जण डोळे मिटून आपल्याला वाटेल त्या बाजूला ओढतोय. जाळं किनाऱ्याला लागणार नाही, पण ते जागच्या जागीही राहणार नाही, कारण सगळ्यांचे ओढे एकमेकांना तंतोतंत कधीच छेदत नाहीत. नाणं १०० वेळा उडवलं तर छापा आणि काटा यांत साधारण १० चा फरक राहतो. १० हजार वेळा उडवलं तर १०० चा. उरणारा फरक संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. केंद्रकं १० लाख धरली तर वर्गमूळ १,०००. म्हणजे कमाल ५ टेस्लाचा हजारावा भाग, सुमारे ५ मिलिटेस्ला, नेहमी शिल्लक राहतो, आणि त्याची दिशा व प्रमाण कुणी ठरवलेलं नसतं.

५ मिलिटेस्ला ऐकायला थोडं वाटतं. कोकणात होकायंत्राची सुई ज्या क्षेत्रात वळते ते पृथ्वीचं क्षेत्र साधारण ०.०४ मिलिटेस्ला आहे, म्हणजे हे त्याच्या शंभर पटींहून जास्त. एवढ्या क्षेत्रात गॅलियम आर्सेनाइडमधला इलेक्ट्रॉन सेकंदाला ३ कोटी वेळा डुलतो. एका फेरीला ३० नॅनोसेकंद. प्रयोग पुन्हा केला की हे क्षेत्र थोडं वेगळं निघतं, डुलण्याचा वेगही वेगळा निघतो, आणि सुमारे १० नॅनोसेकंदांतच सगळ्या पुनरावृत्तींची सरासरी विस्कटते. हार्वर्डच्या २००५ च्या प्रयोगात १० नॅनोसेकंद हाच आकडा मिळाला. त्याच्या तीन वर्षं आधी, २००२ मध्ये, मेर्कुलोव्ह, एफ्रोस आणि रोझेन यांनी, आणि स्वतंत्रपणे खाएत्स्की, लॉस आणि ग्लाझमन यांनी या विस्कटण्याचा सिद्धान्त मांडून ठेवला होता.

डॉट इतका थंड ठेवतात, तरी केंद्रकं गप्प बसत नाहीत का?

हे प्रयोग डायल्यूशन फ्रिजमध्ये, काही दहा मिलिकेल्विनला होतात, अंतराळाच्या २.७ केल्विनपेक्षा कितीतरी थंड. १ टेस्लाच्या क्षेत्रात इलेक्ट्रॉनच्या वर-खाली स्थितींमधलं ऊर्जेचं अंतर तापमानाच्या भाषेत ०.३ केल्विन आहे. त्यामुळे २० मिलिकेल्विनला इलेक्ट्रॉन निमूटपणे खालच्या स्थितीत बसतो. आर्सेनिकच्या केंद्रकासाठी हेच अंतर ०.३५ मिलिकेल्विन. केंद्रकाच्या दृष्टीनं २० मिलिकेल्विन म्हणजे मे महिन्यातली भर दुपार. त्याला थंडी वाजतच नाही. आधी सांगितलेला साडेआठशे पटींचा फरक पहिल्यांदा इथे लागला.

तोच फरक दुसऱ्यांदा कुठे लागतो?

इलेक्ट्रॉन वरून खाली येताना शेजारचं केंद्रक खालून वर जाऊ शकतं. स्पिनची अशी अदलाबदल नियमात बसते. पण ऊर्जेचा हिशेब जुळावा लागतो. इलेक्ट्रॉनला सोडायची आहे ती ऊर्जा केंद्रकाला लागणाऱ्या ऊर्जेच्या शेकडो पट. शंभराची नोट आणि समोरच्याकडे मोड नाही, तशी गाठ पडते. म्हणून बाहेरून पुरेसं क्षेत्र लावलं की ही अदलाबदल जवळजवळ बंद पडते, आणि केंद्रकांचा त्रास फक्त डुलण्याच्या वेगातल्या अनिश्चिततेपुरता उरतो.

टी-वन, टी-टू आणि टी-टू-स्टार यांत काय फरक? परीक्षेत नेहमी गोंधळ होतो.

व्याख्या पाठ करून हा गोंधळ जात नाही. आकडे शेजारी ठेवले की जातो.

टी-वन म्हणजे वर असलेला स्पिन ऊर्जा टाकून खाली यायला लागणारा वेळ. गॅलियम आर्सेनाइडच्या डॉटमध्ये १ टेस्लाला हा एक सेकंदाहून जास्त मोजला गेला आहे. टी-टू-स्टार म्हणजे पुनरावृत्तींची सरासरी विस्कटायला लागणारा वेळ: १० नॅनोसेकंद. म्हणजे दोघांत १० कोटी पटींचा फरक! इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा सेकंदभर धरून बसतो, पण डुलण्याच्या फेरीत तो नेमका कुठे आहे, म्हणजे त्याची कला, ती आपल्या हातून क्षणात निसटते.

'आपल्या हातून' असं लिहिलं, 'त्याच्या हातून' असं लिहिलं नाही. प्रयोगाच्या कुठल्याही एका पुनरावृत्तीत इलेक्ट्रॉन अगदी शिस्तीत डुलत असतो. त्याच्यावर त्या वेळी किती क्षेत्र होतं हे आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून सरासरी घेताना चित्र पुसलं जातं. जे खरोखर, परत न येण्यासारखं हरवतं त्याचा काळ म्हणजे टी-टू, आणि तो याहून खूप मोठा असतो.

हरवलेलं परत आणता येतं याचा पुरावा काय?

स्पिन-एको, म्हणजे स्पिनचा प्रतिध्वनी. १९५० मध्ये एर्विन हान यांनी केंद्रकांच्या स्पिनवर तो पहिल्यांदा दाखवला.

हर्णै बंदरातून दहा होड्या एकाच वेळी सुटल्या असं धरा. प्रत्येकीचं इंजिन वेगळं, त्यामुळे तासाभरात त्या पांगतात. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला वाटेल की आता यांचा काही मेळ उरला नाही. बरोबर एका तासानं सगळ्यांना वायरलेसवर सांगितलं, 'वळा'. वेगवान होडी लांब गेलेली, पण परततेही वेगानं. आणखी एका तासानं दहाही होड्या एकाच क्षणी जेटीला लागतात. कुणाचा वेग किती होता हे सांगणाऱ्याला कळायचीही गरज पडली नाही. अट एकच: जातानाचा आणि येतानाचा वेग तोच हवा.

डॉटमध्ये ही अट जवळजवळ पाळली जाते, कारण केंद्रकं मंद आहेत. शेजारची दोन केंद्रकं आपापसात दिशा बदलतात त्याला साधारण १०० मायक्रोसेकंद लागतात, आणि सगळ्यांचं मिळून होणारं क्षेत्र लक्षणीय बदलायला त्याहूनही खूप जास्त. लाटेच्या हिशेबात भरती थांबलेलीच असते, तसं इलेक्ट्रॉनच्या हिशेबात हे क्षेत्र थांबलेलं असतं. मध्यावर एक स्पंद देऊन स्पिन उलटा केला की पहिल्या अर्ध्यातली चूक दुसऱ्या अर्ध्यात वजा होते. २००५ च्या त्याच प्रयोगात १० नॅनोसेकंदांचे १ मायक्रोसेकंदाहून जास्त झाले. २०११ मध्ये हेन्ड्रिक ब्लूम आणि सहकाऱ्यांनी एका स्पंदानं ३० मायक्रोसेकंद आणि अनेक स्पंदांच्या मालिकेनं २०० मायक्रोसेकंद गाठले. साहित्य तेच, केंद्रकं तीच. २० हजार पटींची सुधारणा फक्त केव्हा वळवायचं ते ओळखल्यामुळे झाली. मला यात भौतिकशास्त्राचं सगळ्यात देखणं रूप दिसतं.

सगळ्या केंद्रकांना एका दिशेला वळवून प्रश्न मुळातूनच मिटणार नाही का?

वळवता येतं, आणि त्याची कथा जुनी आहे. १९५३ मध्ये अल्बर्ट ओव्हरहाउजर यांनी भाकीत केलं की धातूतल्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन चाळवले तर त्यांची दिशा केंद्रकांकडे झिरपेल. ऐकणाऱ्या भल्याभल्यांना ते पटलं नाही. त्याच वर्षी कार्व्हर आणि स्लिक्टर यांनी लिथियमवर ते करून दाखवलं. केंद्रकांच्या एकत्रित क्षेत्राला आज ओव्हरहाउजर क्षेत्र म्हणतात ते यामुळेच. डॉटमध्ये वर्तुळाकार ध्रुवीकरण असलेल्या लेझरनं एकाच दिशेचे इलेक्ट्रॉन पुन्हा पुन्हा भरले की प्रत्येक जण जाताना थोडी दिशा केंद्रकांना देऊन जातो. गॅलियम आर्सेनाइडच्या डॉटमध्ये २०१७ मध्ये केंद्रकांचं ध्रुवीकरण, म्हणजे ती एका दिशेला वळण्याचं प्रमाण, ८० टक्क्यांच्या आसपास मोजलं गेलं.

पण ८० टक्क्यांनी मिळतं काय? केंद्रकांचा स्पिन अर्धा मानून साधा हिशेब केला तर अनिश्चितता १ वजा ध्रुवीकरणाचा वर्ग, याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते. ०.८ चा वर्ग ०.६४, १ मधून वजा केल्यावर ०.३६, त्याचं वर्गमूळ ०.६. इतक्या कष्टानंतर गोंधळ फक्त ४० टक्के कमी. दसपट सुधारणा हवी तर ध्रुवीकरण ९९.५ टक्क्यांपर्यंत न्यावं लागेल. मुलांना मी हा हिशेब फळ्यावर करायला लावतो, कारण त्यातून वाट आपोआप वळते.

कोणीकडे वळते?

क्षेत्र नाहीसं करण्यापेक्षा ते जाणून घेण्याकडे. आपल्या किनाऱ्यावरचे जुने मच्छीमार तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. भरती थांबवायचं कुणी मनातही आणत नाही. पाणी कधी चढणार हे कळलं की होडी लोटता येते. ओव्हरहाउजर क्षेत्राचंही तसंच आहे. माहीत असलेलं क्षेत्र त्रास देत नाही, माहीत नसलेलं देतं.

२०१४ मध्ये अमीर याकोबी यांच्या हार्वर्डमधल्या गटानं हे शब्दशः करून दाखवलं. इलेक्ट्रॉनचा स्पिन ठरावीक वेळ डुलू द्यायचा, मोजायचा, पुन्हा डुलू द्यायचा, पुन्हा मोजायचा. प्रत्येक मोजणीनंतर संभाव्यतेच्या नियमानं क्षेत्राचा अंदाज सुधारायचा, आणि अंदाज पक्का होताच, केंद्रकं हलायच्या आत, त्या आकड्याशी जुळवून खरा प्रयोग करायचा. टी-टू-स्टार २ मायक्रोसेकंदांच्या वर गेला. ब्लूम यांनी त्याआधी वेगळा मार्ग वापरला होता: इलेक्ट्रॉनकडूनच केंद्रकांना हळूहळू ढकलून क्षेत्र एका ठरलेल्या आकड्यापाशी आणून ठेवायचं.

सिलिकॉनमध्ये ही कटकट कमी का?

नैसर्गिक सिलिकॉनच्या १०० अणूंपैकी ९२ सिलिकॉन-२८ आणि ३ सिलिकॉन-३० असतात; त्यांच्या केंद्रकांना स्पिनच नाही. आवाज करणारं एकटं सिलिकॉन-२९, शंभरात पाचही नाही. त्यामुळे साध्या सिलिकॉनच्या डॉटमध्येच टी-टू-स्टार मायक्रोसेकंदाच्या आसपास जातो. समस्थानिक वेगळे करून सिलिकॉन-२९ चं प्रमाण दहा लाखांत ८०० वर आणलं तेव्हा, २०१४ मध्ये, सिडनीतल्या ॲन्ड्र्यू झुराक यांच्या गटाला टी-टू-स्टार १२० मायक्रोसेकंद आणि स्पंदमालिकेनं २८ मिलिसेकंद मिळाला. २०२२ च्या जानेवारीत नेदरलँड्समधलं डेल्फ्ट, जपानमधलं रिकेन आणि सिडनी अशा तीन ठिकाणांहून, सिलिकॉनमध्ये दोन क्युबिटची क्रिया ९९ टक्क्यांहून जास्त अचूक झाल्याचं एकाच वेळी प्रसिद्ध झालं.

केंद्रकं गप्प झाल्यावर त्यांच्यामागे दडलेला दुसरा गोंधळ ऐकू येऊ लागला: चिपमधले विद्युतभार इकडून तिकडे उडी मारतात त्याचा. आज शुद्ध सिलिकॉनमधली मर्यादा बहुतांशी तीच आहे.

कोकणात यातलं काही सापडतं का?

कच्च्या रूपात सापडतं. कणकवली तालुक्यातल्या कासार्डे परिसरात सिलिका वाळूच्या खाणी आहेत. त्या वाळूतल्या सिलिकॉनमध्येही शंभरातले साधारण पाच अणू स्पिनवाले आहेत, जगातल्या कुठल्याही वाळूसारखेच. दापोली-मंडणगडकडे बॉक्साइट आहे, आणि जगातलं बहुतेक गॅलियम बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढताना जोडउत्पादन म्हणून मिळतं. पण वाळूपासून चिपपर्यंतचा रस्ता फार लांबचा, त्यामुळे आपल्या वाळूतून उद्या क्वांटम संगणक होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

इलेक्ट्रॉनऐवजी होल वापरला तर?

होल म्हणजे इलेक्ट्रॉन निघून गेल्यावर उरलेली रिकामी जागा. होलचं तरंगफल पी-कक्षेसारखं असतं आणि केंद्रकाच्या जागी ते शून्य होतं. संपर्क अन्योन्यक्रिया गळून पडते; लांबून जाणवणारी द्विध्रुवी अन्योन्यक्रिया तेवढी उरते, आणि ती साधारण दहा पट दुबळी. जर्मेनियममधल्या होलवर डेल्फ्टमध्ये जोरात काम चालू आहे. २०२१ मध्ये तिथे चार क्युबिटची चिप चालवून दाखवली.

केंद्रकं नेहमी शत्रूच का? त्यांचा काही उपयोग नाही का?

आहे, आणि पुढच्या दहा वर्षांत इथेच सगळ्यात रंगतदार काम होईल असं मला वाटतं.

जे केंद्रक बाहेरच्या जगाशी इतकं कमी बोलतं की थंडीही त्याला लागत नाही, ते ठेव ठेवायला उत्तम. सिडनीत ॲन्ड्रिया मोरेलो यांच्या गटानं २०१४ मध्ये शुद्ध सिलिकॉनमधल्या एकाच फॉस्फरस केंद्रकाची कला ३० सेकंदांहून जास्त टिकवली. तो डॉट नाही, सिलिकॉनमध्ये पेरलेला एकटा अणू आहे. १९९८ मध्ये ब्रूस केन यांनी सुचवलेली ही वाट. डॉटमध्येही २०२० मध्ये एका इलेक्ट्रॉनला एका सिलिकॉन-२९ केंद्रकाशी जोडून दाखवण्यात आलं. आयुष्यभर गोंगाट करणारा म्हणून ज्याला बाहेर काढत होतो तोच इथे वही झाला.

एकाच वेळी हजारो केंद्रकं वापरण्याची कल्पना टेलर, मार्कस आणि लुकिन यांनी २००३ मध्ये मांडली. इलेक्ट्रॉनची स्थिती एकाच केंद्रकावर लिहायची नाही. सगळ्यांच्या मिळून एका सामूहिक डोलण्यावर लिहायची. त्यासाठी आधी केंद्रकं बऱ्यापैकी शांत, एका सुरात हवीत. केंब्रिजमध्ये मेते अताट्युरे यांच्या गटानं २०१९ मध्ये लेझर आणि इलेक्ट्रॉनच्या साह्यानं डॉटमधली हजारो केंद्रकं शांत केली आणि त्यांच्यात एकच सामूहिक उलट, एक मॅग्नॉन, घालून दाखवला. २०२५ मध्ये सुमारे १३ हजार केंद्रकांच्या अशा समूहात क्वांटम स्थिती साठवून ती परत वाचण्यापर्यंत ते पोचले. सिलिकॉनपुढे मागे पडलेल्या गॅलियम आर्सेनाइडलाच यानं पुन्हा महत्त्व आलं आहे, कारण तिथे प्रत्येक अणू स्पिनवाला आहे.

यात काम करायचं असेल तर बी.एस्सी. नंतर काय?

एम.एस्सी. भौतिकशास्त्र, त्यासाठी जॅम परीक्षा, आणि टीआयएफआर, आयआयटी मुंबईसारख्या संस्थांकडे लक्ष. केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. त्याच्या चार केंद्रांपैकी क्वांटम संवेदनाचं आयआयटी मुंबईत आणि क्वांटम साहित्य व उपकरणांचं आयआयटी दिल्लीत आहे. पुंजयांत्रिकीइतकंच रेषीय बीजगणित पक्कं करा. शीतकरण, निर्वात पंप, सोल्डरिंग यांना कमी लेखू नका. अशा प्रयोगशाळेत पहिली दोन वर्षं बहुधा तेच हातात असतं.

इथे घरी बसून करता येईल असं काही?

हो. पावसाळ्यात वीज गेली तरी लॅपटॉपची बॅटरी पुरेल एवढंच काम आहे. पायथन घ्या. एकक लांबीचे, यादृच्छिक दिशांचे १०० सदिश करा, बेरीज करा, बेरजेच्या लांबीला १०० नं भागा. हे हजार वेळा करून सरासरी लिहून ठेवा. मग १,००० सदिशांसाठी, मग १० हजारांसाठी. दोन्ही अक्ष लॉग घेऊन आलेख काढा. उतार उणे अर्धा यायला हवा. हे झालं तुमचं ओव्हरहाउजर क्षेत्र.

आता त्या क्षेत्राचा एकच घटक घ्या, प्रत्येक वेळी नवा, आणि त्यात डुलणाऱ्या हजार इलेक्ट्रॉनांच्या कोसाइनची सरासरी काळाबरोबर काढा. ती घंटेच्या आकाराच्या वक्रानं खाली येईल; टी-टू-स्टार तुमच्यासमोर आहे. मग अर्ध्या वेळेला प्रत्येकाच्या कलेचं चिन्ह उलटा करा, सरासरी पूर्ण १ वर परत येईल. शेवटी क्षेत्राला प्रत्येक पावलाला किंचित इकडे-तिकडे सरकू द्या आणि पुन्हा उलटा. या वेळी ती १ पर्यंत येणार नाही. किती कमी पडते ते क्षेत्राच्या सरकण्याच्या वेगाबरोबर मांडा, आणि तो आलेख मला आणून दाखवा.